महायुद्धात बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा अशा जहाजावर उतरून आलेला माणूस बोटीत बसला की बहुतेक वेळा हेच सांगतो: गंज होता, मासे होते, अंधार होता, बाकी काही कळलं नाही. माझंही तसंच झालं होतं. दीडशे मीटर लांबीचं जहाज पाण्याखाली एका नजरेत मावत नाही. वीस-पंचवीस मीटरपलीकडे सगळं निळं आणि धूसर असतं, त्यामुळे जहाज तुकड्यातुकड्यानेच दिसतं आणि तुकडे जोडायला डोक्यात आधीपासून काहीतरी असावं लागतं. म्हणून खालच्या उत्तरांत टाक्या आणि मीटर जेवढे आहेत, तेवढाच इतिहासही आहे.

ही जहाजं आहेत तरी कुठे?

मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण प्रशांत महासागरात. सगळ्यात मोठा साठा मायक्रोनेशियातल्या चूक बेटांच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याने वेढलेल्या पाण्यात आहे. (मराठीत हे नाव वाचताना गंमत वाटते. जुन्या नकाशांत त्याला ट्रुक म्हणत. घोटाळा नको म्हणून पुढे मी ट्रुकच लिहितो.) हा जपानी आरमाराचा प्रशांत महासागरातला मोठा तळ. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानवाहू नौकांवरून उडालेल्या विमानांनी इथे चाळीसहून अधिक जहाजं बुडवली आणि अडीचशेच्या आसपास विमानं नष्ट केली. ‘ऑपरेशन हेलस्टोन’ असं या हल्ल्याचं नाव.

एक तपशील लक्षात ठेवा, पाण्यात त्याचा उपयोग होतो. मोठ्या जपानी युद्धनौका हल्ल्याच्या काही दिवस आधीच ट्रुक सोडून निघून गेल्या होत्या. मागे राहिली ती बहुतेक मालवाहू, तेलवाहू आणि प्रवासी जहाजं, सैन्यासाठी ताब्यात घेतलेली. त्यामुळे इथे प्रचंड तोफांच्या रांगा शोधायला गेलात तर हिरमोड होईल. इथे आहेत ट्रक, सायकली, बाटल्या, सुटी विमानं, औषधं, इंजिनाचे भाग. युद्ध चालू ठेवायला जो संसार लागतो, तो सगळा तळाशी मांडलेला आहे.

फिलिपिन्समध्ये कोरोनच्या उपसागरात २४ सप्टेंबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजं आहेत. विमानं पाचशेहून अधिक किलोमीटर उडून आली होती. पलाऊमध्ये मार्च १९४४ अखेरच्या हल्ल्यातली आहेत. सोलोमन बेटांत ग्वाडलकनालच्या उत्तरेला इतकी जहाजं बुडाली की त्या पाण्याचं नावच ‘आयर्न बॉटम साउंड’ पडलं, म्हणजे लोखंडी तळाची सामुद्रधुनी. पण त्यांतली बरीच शेकडो मीटर खोल आहेत. वानुआतूत ‘प्रेसिडेंट कूलिज’, बालीत ‘लिबर्टी’, श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ‘एचएमएस हर्मीस’. मार्शल बेटांतलं बिकिनी हे वेगळंच प्रकरण, त्याबद्दल खाली.

तांबड्या समुद्रातलं ‘थिसलगॉर्म’ या यादीत नेहमी घेतलं जातं. काटेकोर बोलायचं तर ते कर्कवृत्ताच्या वर, म्हणजे उष्णकटिबंधाबाहेर आहे. पण ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालेल्या त्या ब्रिटिश जहाजाच्या कोठ्यांत आजही मोटरसायकली ओळीने उभ्या आहेत, तेव्हा भूगोलाकडे थोडं दुर्लक्ष करू.

उष्णकटिबंधातल्याच जहाजांचं एवढं कौतुक का?

पाणी २८-२९ अंश, तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, दृश्यता चांगली. आणि प्रवाळ. थंड पाण्यातलं जहाज बराच काळ जहाजासारखं दिसतं; इथे डोलकाठीवर मऊ प्रवाळ लोंबतात, तोफेच्या नळीभोवती समुद्रपंखे वाढतात, लाकूड मात्र किडे खाऊन टाकतात. ट्रुकमधल्या ‘शिंकोकू मारू’वर उतरलात तर पहिली पाच मिनिटं आपण बागेत आलोय असंच वाटतं. मग लक्षात येतं की हे तेलवाहू जहाज पर्ल हार्बरवर हल्ला करायला निघालेल्या ताफ्याला तेल पुरवत होतं. आत शस्त्रक्रियेचं टेबल अजून आहे.

मला कोणतं प्रशिक्षण लागेल?

जहाज किती खोल आहे यावर ते ठरतं. प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं. तेवढ्यात बालीचं ‘लिबर्टी’ बऱ्यापैकी होतं: त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ तीसच्या आसपास, आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. ॲडव्हान्स्ड झालं की ३० मीटर. ट्रुक, कोरोन, कूलिज इथली बहुतेक डेक या टप्प्यात येतात, म्हणून ॲडव्हान्स्डशिवाय एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर.

त्याखालची जहाजं म्हणजे टेक्निकल डायव्हिंग: टप्प्याटप्प्याने थांबत वर येणं, एकाहून अधिक वायुमिश्रणं, महिनोन्‌महिने सराव. ट्रुकमधल्या ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या डेकवरचे छोटे रणगाडे साधारण ५० मीटरवर आहेत. ‘हर्मीस’ ५० मीटरहून खोल आहे. ‘एकदाच जाऊन येतो, पटकन’ असं म्हणत साध्या एका टाकीवर रणगाडे बघायला जाणारे लोक आहेत. त्यांच्यात सामील होऊ नका.

प्रमाणपत्रापेक्षा मी एक वेगळीच गोष्ट आधी बघतो. पाण्यात जागच्या जागी, हात न हलवता, आडवं तरंगत राहता येतं का? येत नसेल तर जहाज थांबेल. ते ऐंशी वर्षं थांबलंच आहे.

आत शिरता येतं का?

येतं, पण ‘आत’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला अर्थ, आरपार जाणं. स्फोटाने फाटलेल्या भगदाडातून शिरलात, मालाची कोठी ओलांडली, वरच्या मोकळ्या तोंडातून बाहेर. सतत दिवसाचा उजेड दिसतो. ट्रुकमधल्या ‘फुजिकावा मारू’च्या कोठीत झिरो या जपानी लढाऊ विमानांचे सांगाडे याच पद्धतीने बघतात.

दुसरा अर्थ, उजेडाच्या टप्प्यात राहून खोलीत डोकावणं. हौशी रेक (बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगच्या) प्रशिक्षणाचा एक ठोकताळा इथे लागू होतो: पृष्ठभागापासूनची खोली आणि आत शिरलेलं अंतर यांची बेरीज ४० मीटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे तुम्ही २५ मीटरवर असाल तर आत जास्तीत जास्त १५ मीटर. एकदा पावलांनी मोजून पाहा, १५ मीटर म्हणजे फार काही नाही.

तिसरा अर्थ, इंजिनरूम, बोळ, जिने, खालचे मजले. तिथे वर जाऊन डोकं बाहेर काढायची सोय नसते. दोरीचं रीळ, टॉर्च तीन (एक मुख्य, दोन राखीव), हवेचा दुसरा स्वतंत्र साठा आणि त्या सगळ्याचं रीतसर शिक्षण लागतं. गाईड पुढे आहे म्हणून आपण मागून गेलो, हे शिक्षण नव्हे. गाईडला वाट पाठ असते. तो दिसेनासा झाला की तुम्हाला नसते.

गाळाला लोक एवढं का घाबरतात?

कारण तो दिसत नाही, आणि दिसला की मग दुसरं काहीच दिसत नाही. ऐंशी वर्षांचा गंज आणि माती प्रत्येक आडव्या पृष्ठभागावर पिठासारखी बसलेली असते. फिनचा (पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाचा) एक चुकीचा फटका, आणि खोलीत दुधाळ अंधार. टॉर्च लावला तर धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावावा तसं होतं, समोर पांढरी भिंत.

गाळ फक्त फिनने उठतो असं नाही. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला आपटतात आणि तिथले गंजाचे पापुद्रे खाली सोडतात. सराव करताना एकदा मी हालचाल न करता बोळात थांबलो होतो आणि वरून तपकिरी बर्फ पडायला लागलं. दोरी डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटाच्या कड्यात होती म्हणून बाहेर आलो. डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, फरक नव्हता. माझ्या पुढची व्यक्ती हाताच्या अंतरावर होती आणि मला ती दिसली थेट बाहेर आल्यावर.

उपाय म्हणजे बेडकासारखे पाय मारायला शिकणं. गुडघे वाकवलेले, फिन वर, पाणी मागे आणि बाजूला ढकलायचं, खाली नाही. वरखाली पाय मारायची सवय मोडायला बऱ्याच डाइव्ह जातात.

हवा किती पुरते?

इथे आकडेमोड करूनच दाखवतो, कारण अंदाजाने कुणाचा विश्वास बसत नाही. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली म्हणजे २,४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरा. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून ३० मीटरवर तो चौपट. तिथे तुम्हाला मिनिटाला ८० लिटर लागतील. टाकी रिकामी व्हायला ३० मिनिटं.

आता आत शिरायचं असेल तर तिसऱ्या हिश्शाचा नियम लावा: एक तृतीयांश आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी राखून. म्हणजे आत जायला तुमच्या वाट्याला १० मिनिटं, आणि तीही तळाशी पोचायला लागलेली हवा न धरता. धाप लागली, घाबरलात, प्रवाहाविरुद्ध पोहलात की हिशेब आणखी आखडतो. मोठी टाकी किंवा जोडटाकी घेण्यात कसला कमीपणा?

नायट्रॉक्स घ्यावं का?

हो. नायट्रॉक्स म्हणजे जास्त प्राणवायूचं मिश्रण. ३० मीटरवर साध्या हवेने थांबे (शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबणं) न घेता राहता येतो तो वेळ जेमतेम वीस मिनिटांचा. ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणाने तो साधारण दीडपट होतो. दिवसाला तीन-तीन डाइव्ह आठवडाभर करायच्या असतात तिथे हा फरक मोठा आहे. पण ३२ टक्क्यांची मर्यादा साधारण ३४ मीटर. त्याखाली प्राणवायूच विषारी ठरू शकतो आणि पाण्याखाली झटका येणं म्हणजे बहुधा शेवट. टाकीतलं मिश्रण स्वतः मोजून घ्या. दुसऱ्याने लावलेल्या चिठ्ठीवर विसंबू नका.

खाली गेल्यावर ‘नशा’ होते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी बहुतेकांना जाणवायला लागते. कुणाला हसू येतं, कुणाला उगाच भीती वाटते, कुणी हवेचा काटा बघतो आणि आकडा डोक्यात शिरतच नाही. थोडं वर आलं की उतरते. धोका असा की ज्याला झाली आहे त्याला ती कळत नाही, म्हणून बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, कळायला हवी.

जहाजात अडकलेल्या हवेच्या पोकळीत श्वास घेतला तर चालतो ना?

अजिबात नाही. सिनेमात चालतो. बंद लोखंडी जागेत गंज चढताना हवेतला प्राणवायू खर्च होत जातो. उरलेली हवा दिसायला हवाच, पण माणूस त्यात बेशुद्ध पडू शकतो. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) तोंडातून काढायचा नाही.

दारूगोळा अजून जिवंत आहे का?

असं समजूनच वागायचं. तोफगोळे, पाणसुरुंग, खोलपाण्यातले बॉम्ब हजारोंनी पडून आहेत. ट्रुकमधल्या ‘यामागिरी मारू’च्या कोठीत १८ इंची प्रचंड गोळे आहेत, ‘यामातो’ वर्गाच्या युद्धनौकांसाठी आणलेले. खारं पाणी स्फोटकं निकामी करतं हा गैरसमज आहे. काही जुन्या स्फोटकांचा धातूशी संयोग होऊन ती उलट जास्त नाजूक होतात. ट्रुकमध्ये स्थानिक लोक पूर्वी याच गोळ्यांतली दारू काढून मासेमारीसाठी वापरत, आणि त्यात माणसं जायबंदी झाली आहेत. तेव्हा हात लावायचा नाही, फिन आपटायचं नाही, आणि फोटोसाठी त्यावर बसायचं तर नाहीच.

तिथे माणसांचे अवशेष असतात का?

असतात. या प्रश्नावर घाईने बोलू नये असं मला वाटतं.

‘ऐकोकू मारू’चं उदाहरण घ्या. १७ फेब्रुवारी १९४४ च्या सकाळी त्यावर बॉम्ब पडला, दारूगोळ्याने पेट घेतला आणि जहाजाचा पुढचा भाग क्षणात नाहीसा झाला. हल्ला करणारं विमानही त्या स्फोटात सापडलं. जहाजावर शेकडो माणसं होती. ‘ओइते’ ही विनाशिका बुडाली तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच एका बुडालेल्या जहाजातून वाचवलेले खलाशी होते. एकदा वाचलेली माणसं दुसऱ्यांदा वाचली नाहीत. जपानने नंतर ट्रुकच्या काही जहाजांतून अस्थी काढून त्यांचे अंत्यसंस्कार केले. सगळ्या काढता आल्या नाहीत.

म्हणून काही ठिकाणी गाईड तुम्हाला मुद्दाम एखाद्या दाराशी नेऊन टॉर्च रोखतो, ‘बघा’ म्हणून. मी मान हलवून पुढे जातो. कवटीचा फोटो काढून घरी कुणाला दाखवायचा आहे? तिचेही कुणीतरी वारस असतील.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक जहाज थडगं नसतं. ‘प्रेसिडेंट कूलिज’ हे आलिशान प्रवासी जहाज सैन्य घेऊन २६ ऑक्टोबर १९४२ ला एस्पिरितू सांतो बेटाच्या बंदरात शिरताना आपल्याच बाजूच्या, अमेरिकन पाणसुरुंगांवर आदळलं. कप्तानाने ते सरळ किनाऱ्याच्या प्रवाळात घुसवलं. जहाजावर ५,३४० लोक होते आणि ते कलंडून घसरून बुडेपर्यंत दीडेक तास मिळाला; बळी गेले फक्त दोन. त्यांतला एक, कॅप्टन एल्वुड युअर्ट, सुखरूप बाहेर पडलेला होता. दवाखान्यात माणसं अडकली आहेत कळल्यावर तो परत आत गेला, त्यांना बाहेर काढलं आणि स्वतः आतच राहिला. त्याचे अवशेष सापडायला सत्तर वर्षं गेली.

आज ते जहाज डाव्या कुशीवर पडलं आहे, नाळ (पुढचं टोक) २० मीटरच्या आसपास आणि मागचं टोक ७० मीटरकडे. आत युनिकॉर्नसोबतच्या स्त्रीचं चिनीमातीचं शिल्प आहे. सगळे तिला ‘द लेडी’ म्हणतात. तिला भेटायला रांग असते. पण मला तिथे बुटांचे ढीग आणि रायफली जास्त लक्षात राहतात, कारण सैनिकांना सामान मागे सोडून उतरायचा हुकूम होता आणि तो पाळला गेला, हे त्या ढिगांवरून दिसतं.

एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणली तर?

नाही. बशीही नाही, बटणही नाही. ट्रुक आणि वानुआतू इथे हा सरळ गुन्हा आहे. त्यापलीकडे, बुडालेली युद्धनौका सहसा तिच्या देशाच्याच मालकीची राहते. अमेरिकेचा २००४ चा आणि ब्रिटनचा १९८६ चा कायदा त्यासाठीच आहे. युनेस्कोचा २००१ चा करार पाण्याखाली शंभर वर्षं झालेल्या अवशेषांना संरक्षण देतो. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पहिली जहाजं त्यात १९३९ अधिक १०० असा हिशेब करून २०३९ पासून येऊ लागतील.

एक तक्रार मात्र गाईड मंडळींबद्दल आहे. बऱ्याच जहाजांवर कपबश्या, बाटल्या, गॅसमास्क, कंदील आतून आणून डेकवर रांगेत मांडून ठेवलेले दिसतात, फोटो चांगला यावा म्हणून. वस्तू चोरीला गेली नाही, हे खरं. पण ती कुठे होती हे कायमचं पुसलं गेलं. स्वयंपाकघरातला कप स्वयंपाकघरात असताना काहीतरी सांगत होता. तोफेवर ठेवलेला कप नुसता कप आहे.

अख्खी जहाजं चोरीला जातात हे खरं आहे का?

दुर्दैवाने, हो. फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्राच्या लढाईत ‘डी रॉयटर’, ‘जावा’ आणि ‘कॉर्टेनार’ या डच नौका बुडाल्या. २०१६ मध्ये, पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी डायव्हर खाली गेले तर पहिल्या दोन जागी समुद्रतळावर नुसता जहाजाच्या आकाराचा खड्डा होता, तिसऱ्या नौकेचाही मोठा भाग गायब. भंगारवाले क्रेनच्या नावा लावून लोखंड, पितळ, तांबं उचलून नेतात. मलेशियाच्या किनाऱ्यापलीकडे १० डिसेंबर १९४१ ला बुडालेल्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश नौकांचीही अशीच लूट झाली आहे. त्या दोन्हींवर मिळून आठशेहून अधिक माणसं गेली होती. हजारो टनांची नौका उचलायला आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कुणाला काही दिसलं नाही.

बिकिनीत किरणोत्सर्गाची भीती नाही का?

तिथली जहाजं लढाईत बुडालेली नाहीत. युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये अमेरिकेने दोन अणुबॉम्ब फोडून पाहिले आणि लक्ष्य म्हणून जुन्या नौकांचा ताफा नांगरून ठेवला. विमानवाहू ‘साराटोगा’ आणि जपानी ‘नागातो’ त्यात बुडाल्या. म्हणून तिथे मृत खलाशी नाहीत. मात्र ज्या बेटवासीयांना ‘थोड्या दिवसांसाठी’ हलवलं ते अजून घरी परतलेले नाहीत. डायव्हिंगपुरतं पाणी सुरक्षित मानलं जातं. अडचण जमिनीची आहे: मातीतलं किरणोत्सर्गी सीझियम नारळात उतरतं, म्हणून तिथलं पिकलेलं खात नाहीत. तरी ‘नागातो’ उलटी पडली आहे, सगळं ५० मीटरच्या आगेमागे आहे आणि मदत फार दूर आहे. हे अनुभवी टेक्निकल डायव्हरचं ठिकाण.

ही जहाजं किती वर्षं टिकतील?

समुद्रातलं पोलाद दर वर्षी ढोबळमानाने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने झिजतं. ऐंशी वर्षांचे झाले आठ मिलिमीटर, तेही दोन्ही बाजूंनी खाल्लं जात असेल तर आणखी. जहाजाच्या वरच्या मजल्यांचा पत्रा काही फार जाड नसतो. त्यामुळे छतं खचत आहेत, डोलकाठ्या पडत आहेत, पाच वर्षांपूर्वीची वाट आज बंद असू शकते. प्रवाळाचा थर गंजाला थोडा आवर घालतो. म्हणून प्रवाळ खरवडणं, बोटीचा नांगर जहाजावर टाकणं, आत बुडबुड्यांचे खिसे साठवणं, या सगळ्याने आपणच घाई करतो.

आणि पत्रा फाटला की आतलं तेल बाहेर येतं. मायक्रोनेशियातल्या उलिथी इथे नोव्हेंबर १९४४ मध्ये बुडालेल्या ‘मिसिसिनेवा’ या अमेरिकन तेलवाहू जहाजातून २००१ च्या वादळानंतर गळती सुरू झाली. दोन वर्षांनी अमेरिकन आरमाराने तिथून सुमारे १८ लाख गॅलन तेल उपसून काढलं. प्रशांत महासागरात अशी न उपसलेली जहाजं अजून पुष्कळ आहेत. ट्रुकमध्ये काही ठिकाणी पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसतो, बोटीतून वाकून बघा.

शार्क?

दिसले तर नशीब समजा. काळजी करायचीच तर सिंहमाशाची आणि दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशची करा, कारण तुम्ही आधाराला हात ठेवाल तिथेच ते बसलेले असतात. गंजका पत्रा वेटसूट आणि कातडी दोन्ही कापतो. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

परतीचं विमान कधीचं घ्यावं?

लागोपाठ दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, थांबे घेतले असतील तर २४ किंवा अधिक. मी पूर्ण एक दिवस कोरडा ठेवतो. आणि जिथे जाताय तिथून दाबकक्ष (डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची खोली) किती लांब आहे, तो सध्या चालू आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा. दुर्गम बेटांवर याचं उत्तर कधीकधी ‘दुसऱ्या देशात’ असं असतं. उपचारासाठी तातडीने हलवण्याचा खर्च धरणारा डायव्हिंग विमा त्यासाठीच.

हंगाम?

ट्रुकला डिसेंबर ते एप्रिल तुलनेने कोरडं. कोरोनला नोव्हेंबर ते मे. वानुआतूला उलट, मे ते ऑक्टोबर, कारण त्यानंतर चक्रीवादळांचे महिने.

उतरण्याआधी नेमकं काय वाचू?

जहाजाबद्दल चार गोष्टी पुरतात: ते कोणत्या कामाचं होतं, शेवटच्या दिवशी त्यात काय भरलं होतं, घाव कुठे बसला आणि आता ते कोणत्या कुशीवर आहे. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. कुशीवर पडलेल्या जहाजात जमीन भिंत होते, दारं छतात जातात, जिना आडवा होतो, आणि ज्याने आधी नकाशा ९० अंश फिरवून पाहिला नाही तो अर्धी डाइव्ह गोंधळात घालवतो. कोरोनमधलं ‘अकित्सुशिमा’ कुशीवर आहे. त्याची समुद्री विमानं उचलायची क्रेन वाळूत आडवी पडलेली दिसते. ती क्रेन आहे हे माहीत नसेल तर नुसता लोखंडी सांगाडा वाटून तुम्ही वरून निघून जाल. मी एकदा गेलो आहे.

मला डायव्हिंग येत नाही. काही बघता येईल का?

येईल. ग्वाडलकनालला बोनेगीच्या किनाऱ्यावर ‘किनुगावा मारू’चा भाग पाण्याबाहेर डोकावतो, मास्क लावून वर तरंगत बराचसा दिसतो. बालीतल्या ‘लिबर्टी’चा माथाही वरून दिसतो. ते जहाज जानेवारी १९४२ मध्ये टॉर्पेडो लागल्यावर ओढत आणून किनाऱ्यावर चढवलं होतं. १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकलं.

आणि आणखी एक वाट आहे, जी डायव्हरनाही मी सुचवतो. ट्रुकमधलं ‘हेयान मारू’ हे एकेकाळी जपान ते सिॲटल प्रवासी घेऊन जायचं. आज ते डाव्या कुशीवर आहे, नाळेवरची नावाची अक्षरं अजून वाचता येतात, बाजूला पाणबुड्यांचे पेरिस्कोप पडलेत. त्याचं जुळं भावंड ‘हिकावा मारू’ युद्धातून वाचलं आणि योकोहामाच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून बांधलेलं आहे. तिकीट काढून आत जायचं. भोजनगृह, जिने, केबिनचे बोळ, इंजिनरूम, सगळं सरळ उभं आणि कोरडं. तिथे दोन तास हिंडा, बोळाच्या टोकाला उभं राहून मान डावीकडे पूर्ण कलती करून बघा.